अजिंक्य शाहिराची शोकसभा

रसूलभाई सोलकरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती सकाळी साडेआठ वाजता, हातातली खारी चहात बुडवलेली असताना. खारी भिजून कपात पडली तरी त्यांचे डोळे मोबाइलवरून हलेनात.

"खतिजा, हे वाच! काय लिवलानी ते वाच!"

खतिजाबी ओट्याशी बांगडे साफ करत होत्या. "माजे हात बरबटलेत. तुमीच वाचा. आनी ओरडू नका, मी बहिरी नाय."

मग रसूलभाईंनी एकेक शब्द दाताखाली खडा यावा तसा वाचला. "आपल्या सहजसुंदर अभिनयाने रुपेरी पडद्यावर अधिराज्य गाजवणारे ज्येष्ठ कलावंत शाहीर हरिश्चंद्र पाष्टे यांच्या निधनाने कलाक्षेत्रात कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. शोकसभा, रविवार, सायंकाळी पाच वाजता."

"मंग? बराच लिवलाय की."

"रुपेरी पडदा! अगो, हरिश्चंद्र पाष्टे उभ्या जन्मात कधी पडद्यावर आला? तो शक्ती-तुऱ्याचा शाहीर. गावच्या देवळापुढे मांडव घालायचे, त्यात तो गायचा!"

गोंधळ कसा झाला ते रसूलभाईंना तेव्हाच कळलं. त्याच आठवड्यात मुंबईत एक मोठा सिनेनट वारला होता. टीव्हीवाल्यांनी तीन दिवस त्याच्या बंगल्याचं फाटक दाखवलं, आत कुठली गाडी गेली आणि बाहेर कुठली आली ते सांगितलं. रत्नागिरीच्या कलाप्रेमी मंडळाचे अध्यक्ष चारुदत्त सर यांनी त्या नटासाठी मजकूर लिहिला होता. चार दिवसांनी पाष्टे गेले, तेव्हा सरांनी त्याच मजकुरातलं नाव बदललं आणि पाठवून दिला. रसूलभाईंनी फोन करून विचारलं तर सर शांतपणे म्हणाले, "अहो रसूलभाई, घाईगडबडीत राहिलं ते. भावना महत्त्वाची."

भावना! माणसाच्या मढ्यावर दुसऱ्याचं कफन घालायचं आणि वर भावना महत्त्वाची म्हणायचं. रसूलभाईंनी रागारागाने फोन बंद केला आणि गार झालेला चहा खारीच्या लगद्यासकट घशाखाली ढकलला.

रसूलभाई सत्तरीला आलेले. तीस वर्षं जहाजावर इंजिनरूममध्ये ऑइलर होते. त्या उकाड्यात, त्या धडधडाटात, त्यांच्या बंकच्या उशाशी हरिश्चंद्र पाष्ट्यांच्या कॅसेटी असायच्या. सोबतचे खलाशी आपापल्या देशाच्या नटनट्यांचे फोटो चिकटवायचे, हे आपले एका कुणबी शाहिराच्या आवाजावर जगायचे. कॅसेटीत मृदंग असायचा, झांज असायची, पायातल्या चाळांचा आवाज असायचा, आणि मागे कुठेतरी एखादं पोर रडत असायचं. डोळे मिटले की रसूलभाई आखातातून थेट रत्नागिरीत.

ज्यांनी शक्ती-तुऱ्याचा सामना पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. दोन शाहीर असतात. एक शक्तीवाला, तो म्हणणार की देवी मोठी. दुसरा तुरेवाला, तो म्हणणार की शंकर मोठा. मागे नाचणारे फेर धरतात आणि हे दोघे गाण्यातून एकमेकांचे वाभाडे काढतात. एकाने सवाल घालायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. मध्ये एकमेकांचं गाव, धोतर, टक्कल, आवाज, सगळ्याचा उद्धार. लोक जातात ते त्यासाठी. हरिश्चंद्र पाष्टे शक्तीवाले, आणि त्यांच्या समोर एकतीस वर्षं एकच तुरेवाला, बाबल्या शितप.

या बाबल्याचा रसूलभाईंनी एकतीस वर्षं मनापासून द्वेष केला होता. बाजारात समोर आला तर ते रस्ता ओलांडायचे. बाबल्याने एकदा पाष्ट्यांच्या आवाजाला फुटक्या घागरीची उपमा दिली होती, ती रसूलभाईंनी जहाजावर असताना पत्रात वाचली आणि दोन दिवस जेवले नव्हते. उलट पाष्ट्यांनी बाबल्याच्या दाढीवर केलेलं कवन त्यांना तोंडपाठ होतं. खतिजाबी म्हणायच्या, "निकाह माज्याशी केलात, पन बिऱ्हाड त्या शाहिराच्या घरात."

रसूलभाईंचा राग नुसता रुपेरी पडद्याचा नव्हता. कलावंत मेला की लोकांना काय होतं, हाच त्यांचा सवाल होता. ज्या खलनायकाला बघून त्यांच्या पिढीतली पोरं आठ दिवस अंधारात परसाकडे जायला घाबरली, तो मेला तेव्हा पेपरात छापून आलं, की माणूस अत्यंत सालस होता, घरी कुंड्यांना पाणी घालायचा. अरे, कुंड्यांना पाणी आमचा शेजारीही घालतो! त्याने आम्हाला घाबरवलं, ते सांगा. एक विनोदी नटी होती, तिचं नुसतं नाक दिसलं की थेटरात हशा पिकायचा. ती गेल्यावर टीव्हीवर सनई लावली आणि तिच्या एकाकीपणावर तासभर बोलले. तिच्या एकाही विनोदावर कुणी हसलं नाही. जिवंतपणी ज्याने जे केलं, तेवढंच सोडून बाकी सगळं मेल्यावर सांगायचं. सगळे अष्टपैलू, सगळे अजातशत्रू, आणि प्रत्येकाच्या मागे एक पोकळी. एवढ्या पोकळ्या साठल्या असत्या तर कोकण कधीच समुद्रात गेलं असतं.

पण हे सगळं एका बाजूला आणि माघी गणेशोत्सवातला शेवटचा सामना एका बाजूला. रसूलभाई तिथे पहिल्या रांगेत होते. अर्धा सामना झाल्यावर बाबल्याने सवाल घातला:

साऱ्या जगाला निजवी म्हणशी शक्ती तुझी, तर सांग मला,
दमून जेव्हा निजते ती, अंगाई कोण गातं तिला?

सवाल मोठा वाईट होता. कुणीतरी गातं म्हणावं, तर तो गाणारा शक्तीहून मोठा ठरतो. कुणीच गात नाही म्हणावं, तर जगाची आई पोरकी. पाष्टे बराच वेळ मृदंगाकडे बघत राहिले, मग हसून म्हणाले, "याचा जवाब पुढच्या बारीला." पुढची बारी, म्हणजे पुढचा सामना, झालीच नाही. दोन महिन्यांत छातीच्या दुखण्याने शाहीर गेले.

त्या दोन महिन्यांत जेट्टीवरच्या हॉटेलात रसूलभाईंनी शंभर वेळा तरी सांगितलं असेल, की शाहिराकडे जवाब तयार होता. लोकांना झुलवायचं म्हणून त्याने तो मागे ठेवला. एकतीस वर्षांत जो अडला नाही तो आता अडेल? कुणी नुसती शंका काढली तरी रसूलभाईंचा चहा पुढे सरकायचा आणि आवाज वर जायचा. आता शाहीर गेला. शोकसभेत कुणी एकाने तरी तो सवाल काढावा, शाहिराने काय जवाब बांधला होता ते विचारावं, एवढंच त्यांना हवं होतं. एक तरी खरं वाक्य. मग घाला तुमचे हार.

रविवारी सभागृह अर्धं रिकामं. आंब्याचे दिवस, निम्मं गाव पेट्या भरण्यात गुंतलेलं. व्यासपीठावर पाष्ट्यांचा फोटो होता, तोही आधारकार्डावरून मोठा केलेला, त्यात शाहीर पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसत होते. फोटोशेजारी खुर्चीवर त्यांची बायको हौसा, तोंडाला पदर लावून. पहिल्या रांगेत पाष्ट्यांच्या फेरातले पाच-सहा नाचणारे पांढरे शर्ट घालून बसलेले. रसूलभाई तिसऱ्या रांगेत कडेला बसले.

चारुदत्त सर उठले. पोकळी आली. अष्टपैलू आलं. लोककलेचा दीपस्तंभ आला. मग बँकेचे कुणी आले, त्यांनी सांगितलं की पाष्टे वेळेवर यायचे आणि रांगेत उभे राहायचे. मग शाळेचे कुणी आले, त्यांनी सांगितलं की पाष्ट्यांनी कुंपणासाठी श्रमदान केलं होतं. रसूलभाई प्रत्येक वाक्याला खुर्चीत इकडून तिकडे होत होते. त्यांच्या मागचा माणूस म्हणाला, "काका, ढेकूण हायत काय?"

आणि मग सरांनी पुकारलं, "पाष्टे यांचे सहकलाकार, ज्येष्ठ शाहीर श्री. बाबल्या शितप."

सहकलाकार! एकतीस वर्षांचा वैरी, त्याला सहकलाकार. तरीही रसूलभाई सावरून बसले. आता काहीतरी होईल, असं त्यांना वाटलं. हा माणूस वाईट आहे, पण हा खोटं बोलणार नाही. याच्या जिभेला हाड नाही, हे यानेच एकतीस वर्षं दाखवलंय.

बाबल्या माइकसमोर आला. खिशातून चारघडी कागद काढला आणि चष्मा लावून वाचू लागला. "कैलासवासी हरिश्चंद्र पाष्टे हे माझे मोठे बंधू होते. ते अत्यंत शांत आणि मितभाषी होते. त्यांनी कधी कुणाचं मन दुखवलं नाही. ते अजिंक्य होते. त्यांच्या जाण्याने..."

"बस कर!"

सगळ्या माना वळल्या. रसूलभाई उभे होते. आपण कधी उठलो ते त्यांनाही कळलं नव्हतं.

"रसूलभाई, आपण नंतर..." सर म्हणाले.

"नंतर कधी? आम्ही मेल्यावर? बाबल्या शितप, कुणी लिहून दिला तुला तो कागद? मितभाषी? हरिश्चंद्र पाष्टे मितभाषी? त्याने तुझ्या दाढीवर अकरा कडवी रचली होती! कुणाचं मन दुखवलं नाही? तुझं नाही दुखवलं? एका बारीत तू रडत स्टेजवरून उतरलास, मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी! आणि तू त्याला फुटकी घागर म्हणालास ते? आता मोठे बंधू काय? अरे, तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला दुसऱ्यांदा मारलंत! डॉक्टरने लिहिलं तो मेला ते एकदा, आणि आज हे."

"ही शोकसभा आहे, रसूलभाई. मर्यादा पाळा."

"मर्यादा तो पाळत नव्हता, सर! म्हणून तर आम्ही त्याला ऐकायला जायचो!" रसूलभाईंचा आवाज चिरकला. "बाबल्या, माघात तू त्याला सवाल घातलास. आठवतोय का? की मोठे बंधू गेले म्हणून तोही विसरलास? इतक्या लोकांनी भाषणं केली, एकाने तरी त्या सवालाचं नाव काढलं? माझा शाहीर जवाब घेऊन गेला, आणि तुम्ही सांगताय तो बँकेत रांगेत उभा राहायचा!"

बाबल्याने चष्मा काढला. कागदाची परत चार घडी केली. रसूलभाईंना वाटलं, आता हा तरातरा निघून जाईल. पण बाबल्या माइक सोडून फोटोपुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने कमरेवर हात ठेवले, सामन्यात ठेवायचा तसे.

"हरी," तो म्हणाला, "पुढच्या बारीला जवाब देतो म्हनालास. कुटं हाये? एकतीस वरसात बारी टाकून कदी गेला न्हायस. आता गेलास. पळालास तू!"

आणि त्याने तो सवाल गायला. साथीला काही नाही. म्हाताऱ्या, घोगऱ्या आवाजात, फोटोच्या तोंडासमोर बोट नाचवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पहिल्या रांगेतल्या नाचणाऱ्यांचे पाय खुर्चीखाली आपोआप ताल धरू लागले. सर कपाळाला हात लावून बसले होते. सवाल संपला.

हीच ती वेळ. रसूलभाई हौसाकडे वळले. "भाबी, तुम्ही सांगा यांना. शाहिराने जवाब बांधला होता. वहीत असेल त्याच्या. सांगा."

हौसाने तोंडावरचा पदर खाली घेतला. "वही हाये," ती म्हणाली. "कोरी हाये."

"कोरी कशी असेल?"

"चार पानां लिवलानी नि चारी फाडलानी. आठ दिस डोळ्याला डोळा न्हाय. जायच्या आदल्या दिशी मना म्हनले, हौसा, बाबल्यानं मारलान् मना. याला जवाब न्हाय. आनी हसले. आमचा पयला पोर झाला तवा हसले व्हते, तसे हसले. म्हनले, एकतीस वरसात बाबल्यानं एक सवाल चांगला बांधलान्. मी हरलो म्हनून त्याला सांग."

बाबल्या तिच्याकडे वळला. "मंग सांगितलात का न्हाय, वहिनी? तेरा दिवस झाले."

"कशी सांगू?" हौसा म्हणाली. "पयल्या दिवसापासून जो येतो तो अजिंक्य म्हनतो. पेपरात अजिंक्य, त्या फळ्यावर अजिंक्य. एवढी शिकलेली मानसां. मंग मी कशी म्हनू, का माजा घोव हरला?"

रसूलभाई मटकन खुर्चीत बसले. एक खरं वाक्य मागितलं होतं, ते मिळालं. त्यांचा शाहीर हरला होता. शंभर वेळा हॉटेलात मारलेल्या बढाया त्यांच्यावरच उलटल्या. एक माणूस मरताना निरोप ठेवून गेला, आणि लोकांच्या स्तुतीने त्या निरोपाचं तोंड दाबून धरलं होतं. त्यात आपणही होतो. अजिंक्य म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज आपलाच होता, हे त्यांना कळलं.

वर व्यासपीठावर बाबल्या कडेला पाय सोडून खाली बसला होता. सत्तरीचा माणूस, पण मारकुट्या मास्तरांपुढे पोराने बसावं तसा दिसत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "मना पन म्हायत न्हाय वो."

"काय म्हायत न्हाय?"

"जवाब. मी सवाल बांधला, पन जवाब मना पन येत न्हाय. महिनाभर डोका फोडला. मंग म्हटला, हरीला घालू. त्याला म्हायत असंल. त्याला सगळा म्हायत असायचा. तो बारीत सांगंल, मंग मना पन कळंल." त्याचा आवाज फुटला. "आता मी कुनाला इचारू?"

बँकेवाले आपल्या बुटांकडे बघत होते. आज दीड तासात हरिश्चंद्र पाष्ट्यांविषयी या सभागृहात जे जे बोललं गेलं, त्या सगळ्याहून हे मोठं होतं, आणि ते बोलला होता तो बाबल्या शितप. रसूलभाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बातमी कळली त्या दिवशी ते रडले नव्हते, तिसऱ्या दिवशीही नव्हते. रागच इतका होता की रडायला जागा नव्हती.

मग त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं. डोळे पुसायच्या आतच ते पुन्हा उभे राहिले.

"थांब! बाबल्या, काय म्हणालास? तुला स्वतःला जवाब येत नव्हता?"

"न्हाय."

"मग सवाल बाद!" रसूलभाई ओरडले. "बारीचा नियम आहे! ज्याला स्वतःला जवाब येत नाही त्याने सवाल घालायचा नाही! विचार या फेरातल्या माणसांना! सवाल बाद, म्हणजे हार बाद! माझा शाहीर हरला नाही!"

"बरोबर हाय!" पांढऱ्या शर्टातला एक नाचणारा उठला. "नियम तसाच हाय!"

बाबल्या ताडकन उभा राहिला. गालांवरचं पाणी तसंच होतं. "बाद कसा? तो सोता सांगून गेलाय, हरलो म्हनून! हरी मोठा का तू मोठा? जहाजावर तेल घालनारा तू, मना बारीचे नियम शिकवतोस?"

"त्याला ठाऊक नव्हतं तू फसवलंस ते! ठाऊक असतं तर त्याने तुझी दाढी ठेवली असती का?"

"फसवला? मी? मना फसव्या म्हनतोस? वहिनी, आयकताव काय?"

"आयकतेय," हौसा म्हणाली. ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती, आणि पदर कधीच खांद्यावर गेला होता. "रसूलभाव म्हनतात त्यात तथ्य हाये. पन बाबल्याचा पन आयका. आधी त्याला बोलू द्या."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. तुरेवाल्यांच्या बाजूचे दोघे-तिघे बाबल्यामागे जाऊन उभे राहिले, शक्तीवाले रसूलभाईंच्या रांगेत सरकले. चारुदत्त सरांनी माइक हातात घेतला, दोनदा टिचकी मारली आणि सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं अशी विनंती केली. उभे सगळेच होते. स्तब्ध कुणीही राहिलं नाही.